सीन चौदा, पिंजऱ्याचं दार

सीन चौदा नऊ सेकंदांचा होता. सर्कशीतलं अस्वल पिंजऱ्याचं दार उघडून बाहेर येतं, एवढंच. पुढे ते कोट घालून एका विमा कंपनीत नोकरीला लागतं, तीन माणसं खातं आणि तरी त्याला बढती मिळते, पण ते सगळं पुढे. पिक्चर कार्टूनचा असला तरी मोठ्यांसाठीचा होता, म्हणजे रक्त पुष्कळ आणि विनोद काळे. या नऊ सेकंदांत प्रेक्षक हसला पाहिजे आणि त्याच वेळी त्याच्या पोटात गोळा आला पाहिजे, असं दिग्दर्शकाचं म्हणणं होतं. असलं काही बोलून झालं की तो दाढी खाजवायचा, आणि ते करून दाखवण्याचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जाऊन पडायचं. हे काम तिच्या टेबलावर पडलं.

स्टुडिओत तिला सगळे ताई म्हणत. वजन दाखवण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. चित्रातल्या अस्वलाला वजन नसतं, ते द्यावं लागतं. पाऊल टेकल्यावर खांदा किती खाली जातो, पोट किती उशिरानं हलतं, यावरून बघणाऱ्याला पटतं की हे दोनशे किलोचं जनावर आहे. सेकंदाला बारा चित्रं, आणि त्यातलं एक जरी फसलं तरी अस्वलाचा फुगा होतो. ती असे फुगे होऊ देत नसे.

एक गोष्ट मात्र तिनं स्टुडिओत कुणालाच सांगितली नव्हती. पिक्चर ज्या जुन्या बातमीवरून सुचला होता, ती बातमी तिच्या घरची होती. तीस वर्षांपूर्वी एका सर्कशीतून अस्वल सुटलं, कपडे शिवणाऱ्या एका बाईला त्यानं मारलं, आणि तासाभरानं तळ्याकाठी त्याला गोळी घातली गेली. ती बाई म्हणजे तिची आई, आणि अस्वल सांभाळणारा रखवालदार म्हणजे तिचे बाबा. ती स्वतः तेव्हा चार वर्षांची होती आणि त्या दिवसातलं तिला काडीचंही आठवत नव्हतं. मुलाखतीत दिग्दर्शकानं कथा सांगितली तेव्हाच तिनं उठून यायला हवं होतं. ती उठली नाही, उलट योग्य जागी हसली आणि नोकरी पदरात पाडून घेतली. आई कशी गेली हे तिला आजवर कुणी धड सांगितलंच नव्हतं, आणि इथे चांगली पन्नास माणसं तेच रेखाटायला बसली होती.

बाबांची हकिगत दोन-तीन वाक्यांत संपायची. "पैलवानानं दांडा मोडला. मी टाकीवर पाणी भरत होतो. वळून बघितलं तर दार उघडं." पैलवान हे अस्वलाचं नाव. रोज दोन खेळांत ते बाबांशी कुस्ती खेळायचं आणि दोन्ही वेळा सभ्यपणे हरायचं. याहून जास्त विचारलं की बाबा कपबशा विसळायला उठत. लहानपणी त्यांच्या घरात कपबशा फार स्वच्छ असायच्या.

आता बाबा तिच्याकडेच राहत होते. वय एकाहत्तर, उंची सहा फूट, हाडं अजून मजबूत. तिचा नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला, महिन्यातून दोनदा येणारा, त्यामुळे घराचा सगळा भार बाबांवर. पाच वर्षांच्या नातीला शाळेत सोडायचं, आणायचं, जेवू घालायचं हे तेच बघत. नात सारखी त्यांच्या मागे मागे, म्हणून तिचं नाव त्यांनी शेपूट ठेवलं होतं, आणि शेजारपाजारचेही आता तिला त्याच नावानं हाक मारत.

बाबांच्या अंगात नक्कल होती. विदूषक आजारी पडला की सर्कशीत त्यांनाच रिंगणात ढकलत. पण त्यांच्या नकलेची एक गंमत होती. जे डोळ्यांनी बघितलंय तेवढंच त्यांना करता येई. मनानं रचून काही करायला सांगितलं की ते लाकडासारखे उभे राहत. शेपूट म्हणायची, "आजोबा, सिंह करा," तर ते विचारत, "कुठला सिंह?" आणि मग कुणा एका म्हाताऱ्या, डाव्या पायानं अधू असलेल्या, चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या सिंहासारखे खोलीभर फिरत. ती त्यांना मोबाइलवर शूट करून स्टुडिओत न्यायची. कामाची पद्धतच तशी होती. हालचाल आधी खऱ्या माणसाकडून करून घ्यायची, मग ती एकेक फ्रेम थांबवून बघायची आणि काढायची. पिक्चरमधल्या अस्वलाचं चालणं, बसणं, कोटाची बटणं लावणं, सगळं बाबांचं होतं. स्टुडिओत ते 'आजोबा' म्हणून प्रसिद्ध होते आणि त्यांना कुणी भेटलेलं नव्हतं.

सीन चौदा करायला मात्र त्यांनी नकार दिला. "ते मी बघितलेलं नाही," म्हणाले आणि कपबशा विसळायला गेले.

त्याच आठवड्यात संदर्भ गोळा करणाऱ्या मुलीनं एका बंद पडलेल्या वर्तमानपत्राच्या गोदामातून मूळ फोटो शोधून आणला. तो मोठा करून सगळ्यांच्या स्क्रीनवर पाठवला गेला. पिंजऱ्याची गाडी, सताड उघडं दार, कमरेवर हात ठेवून उभा असलेला सर्कशीचा मालक, आणि बाजूला उपड्या बादलीवर खाली मान घालून बसलेला एक उंच माणूस. तिनं हा फोटो कधी पाहिला नव्हता. बाबांचे इतके काळे केसही कधी पाहिले नव्हते. बराच वेळ ती त्या केसांकडेच बघत राहिली, आणि मग सवयीनं तिची नजर दाराच्या कडीकडे गेली.

कडी म्हणजे एक लोखंडी दांडा होता, दाराच्या बाहेरच्या अंगाला, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. तो खाली ओढला की अडसर खाचेतून वर उचलला जाणार आणि दार आपल्या वजनानं बाहेर उघडणार. दांड्याच्या मागे पत्रा ठोकलेला होता, म्हणजे आतून पंजा घालायला जागा नाही. आणि दांडा मोडलेला नव्हता. तो नीट, शाबूत, खाली ओढलेला होता.

दोन दिवस ती त्या दाराशी झटली. अस्वलाला धडका मारायला लावल्या, गाडी गदागदा हलवून पाहिली, गजांवर लोंबकळवलं. धडकेनं दांडा आणखी घट्ट बसत होता. चित्रात वाटेल ते खपतं, अस्वलानं कोट घातलेलाही खपतो, पण वजन खोटं खपत नाही. हे दार आतून उघडणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पेन खाली ठेवलं.

संध्याकाळच्या बैठकीत तिनं ते सांगितलं, कारण सांगणं भागच होतं. "हे दार आतून उघडत नाही."

दिग्दर्शकाचा दाढीतला हात थांबला. "म्हणजे बाहेरून कुणीतरी उघडलं?"

"फोटोवरून तसंच दिसतंय."

खोलीत आनंदाला उधाण आलं. पार्श्वभूमी रंगवणारा म्हणाला, "रखवालदारानं उघडलं. बायकोचा काटा काढायला. आपले हात स्वच्छ, आणि अस्वलाला फाशी."

"आणि नंतर बादलीवर बसून रडतोय," संवाद लिहिणारा म्हणाला. "फोटोत बघा ना, कसला नट आहे."

सगळे हसले. तीही हसली, कारण सगळे हसत असताना एकटीनं गप्प बसणं नजरेत येतं. दिग्दर्शक उठून उभा राहिला, त्यानं खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि तिच्याकडे वळला. "ताई, तुम्ही पिक्चर वाचवलात. आजोबांकडून एवढं करून घ्या. रखवालदार दार उघडतो. चार सेकंद पुरे. सोमवारी बघू." ती 'बघते' म्हणाली आणि फोटो मोबाइलवर घेऊन निघाली.

घरी आली तर बाबा सुरीनं सफरचंद कापत होते आणि शेपूट त्यांच्या पाठीवर चढून त्यांचे कान पिरगाळत होती. रोज दिसणारंच दृश्य होतं. त्यात काहीही बदललेलं नव्हतं, आणि तरी तिला सुरीवरची नजर काढता येईना. बाबांनी एक फोड तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली आणि हातातच ठेवली.

आईची बहीण, तिची मावशी, तीस वर्षांत बाबांचा उंबरा चढली नव्हती. कारण कुणी सांगत नसे, आणि लहानपणापासून तिनंही ते विचारलं नव्हतं. आता तिनं स्टुडिओच्या जिन्यात उभं राहून मावशीला फोन लावला आणि आडवळणं न घेता विचारलं.

मावशी म्हणाली, "त्या दिवशी सकाळी तिचा मला फोन आला होता. म्हणाली, पोरीला घेऊन येते, इथं आता एक दिवस राहणार नाही. सामान बांधत होती गं ती."

"का पण?"

"ते आल्यावर सांगणार होती. भांडण झालं होतं दोघांचं, एवढं कळलं. आणि दुपारी तार आली." मग घाईघाईनं म्हणाली, "मी काही कुणावर आळ घेत नाही. पण त्या माणसाच्या हातचं पाणी मला गोड लागलं नसतं."

डोक्यात शिरलेला किडा आता पोखरायला लागला. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः शेपटीला आणायला जाऊ लागली. ऑफिसात तब्येतीचं कारण, घरी कामाचं कारण, दोन्हीकडे थापा. बाबांनी काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी ती शाळेच्या फाटकाशी उभी असताना बाबा समोरच्या फुटपाथवर दिसले. रोजच्या वेळी, रोजच्या जागी, इस्त्रीच्या शर्टात. ते रस्ता ओलांडून आले नाहीत. शेपटीनं हात हलवला तरी त्यांनी हात वर केला नाही, नुसते बघत राहिले, आणि मग त्या दोघींच्या मागून चार हात अंतर राखून घरापर्यंत चालत आले. मागून येणारी ती जड, सावकाश पावलं तिला पाठ होती. तिनंच ती अस्वलाला दिली होती.

झोपायच्या खोलीला तिनं आतून कडी घालायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या वरच्या फळीवर गेल्या, आणि सहा फुटांच्या माणसाला वरची फळी काय अवघड, हे तिच्या नंतर लक्षात आलं. शेपूट विचारायची, "आजोबांनी काय केलं?" आणि ती म्हणायची, "काही नाही." ज्या माणसानं आपल्याला आईशिवाय वाढवलं, जो वेण्या घालायला शिकला, तापात रात्ररात्र उशाशी बसला, त्याच्याच हाताला आपण घाबरतोय याची तिला लाज वाटत होती. लाज वाटून भीती काही कमी होत नव्हती.

शनिवारी दुपारी शेपूट शेजारी खेळायला गेली. बाबा जेवून खुर्चीत बसले होते. तिनं मोबाइलवर तो फोटो उघडला आणि त्यांच्यासमोर धरला.

बाबांनी चष्मा लावला. ते फोटो बघत होते आणि ती त्यांना. त्यांचा अंगठा स्क्रीनवर दांड्याजवळ आला आणि तिथेच थांबला.

"दांडा मोडलेला नाही, बाबा."

"नाही."

"दार बाहेरून उघडलंय."

"हो."

"कुणी?"

त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला. या साध्या कामाला त्यांना फार वेळ लागला. "मी," ते म्हणाले. "मीच उघडलं."

किती दिवस ती याच उत्तराची वाट बघत होती. "का?" तिनं विचारलं. ते दोनदा विचारूनही बोलेनात. तिचा संताप अनावर झाला. खरंच हा माणूस आपल्याला एवढंसुद्धा देणार नाही का, असं वाटून तिनं मोबाइल बरणीला टेकवून उभा केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं, नेहमी करायची तसं.

"कसं उघडलंत ते तरी दाखवा."

"नको गं."

"उघडलंत ना? मग दाखवा."

बाबा उठले. खोलीच्या मधोमध उभे राहिले, मोबाइलकडे एकदा बघितलं, आणि करून दाखवलं. चार सेकंदसुद्धा लागले नाहीत. तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, तिथे कुठे राग दिसतो का, पश्चात्ताप दिसतो का ते शोधत होती, आणि डोळे भरून आल्यामुळे तिला काहीच नीट दिसत नव्हतं. शेवटी त्यांनी हात झटकल्यासारखे केले आणि खुर्चीत जाऊन बसले.

"सोमवारी मी जातो," ते म्हणाले. "सर्कशीतला एक दोस्त आहे, त्याच्याकडे खोली आहे. शेपटीला काही सांगू नकोस."

"नाही सांगत," ती म्हणाली. थांबा असं ती म्हणाली नाही.

सोमवारी सकाळी ती निघाली तेव्हा बाबांची पिशवी भरून पलंगाच्या कडेला ठेवलेली होती. दुपारच्या गाडीनं जायचं ठरलं होतं. स्टुडिओत पोचल्यावर तिनं तो व्हिडिओ मशीनवर टाकला. काम आहे, करायचं, संपवायचं, असं स्वतःला बजावलं. आईला मारणारे हात एकदा नीट बघून घ्यायचे होते हेही खरं होतं. बाबा खोलीच्या मधोमध उभे राहतात तिथून तिनं पहिली फ्रेम लावली आणि एकेक करत पुढे गेली.

सहाव्या फ्रेमला ती थांबली. बाबांचे हात डोक्याच्या वर गेले होते. दांडा तर खांद्याच्या उंचीवर होता, आणि हा माणूस सहा फूट. एका हातानं, कोपर वाकवूनसुद्धा निघाला असता. तिनं पुढची फ्रेम लावली. दोन्ही हात वर, पण दांडा धरतात तसे शेजारी शेजारी नाहीत. एक मूठ खाली, तिच्यावर दुसरी मूठ. असा दांडा कुणी धरत नाही. अशी दोरी धरतात.

मग टाचा उचलल्या. बाबा चवड्यांवर उभे राहिले, गुडघे दुमडले, आणि सगळं अंग खाली सोडून दिलं. एका फ्रेममध्ये तर उजवा पाय जमिनीवरून सुटला होता. ऐंशी किलोच्या माणसाला एक दांडा ओढायला अंगाचा भार टाकावा लागत नाही. लोंबकळावं लागतं ते ज्याचं वजनच पंधरा-सोळा किलो आहे त्याला. वजनाबाबत तिची चूक होणं शक्य नव्हतं, तेवढं एकच तर तिला येत होतं.

पुढच्या फ्रेम तिनं पुढे सरकवल्या कारण बोट आपोआप दाबत होतं. दार उघडलं. पिंजऱ्यावर आयुष्य काढलेला कुठलाही माणूस दार उघडताना दाराच्या आडोशाला होतो, बाबांनीच तिला सांगितलं होतं. इथे आडोसा नाही. दारासमोरच उड्या मारत दोन पावलं मागे, मान वर, हनुवटी पुढे. आणि मग ते हात झटकणं. तिनं ते पुढेमागे करून तीनदा पाहिलं. ते हात झटकणं नव्हतं. बोटं ताठ फाकवून, पंजे सपाट एकमेकांवर आपटून वाजवलेल्या त्या टाळ्या होत्या.

"काय भारी करतात हो आजोबा," मागून संवाद लिहिणारा म्हणाला. तो चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे कधीचा उभा होता. "पण हे काय? चार-पाच वर्षांची मुलगी वाटतेय की ही. आपल्याला रखवालदार हवाय ना?"

ती उठली, पर्स घेतली आणि बाहेर पडली. मागून कुणीतरी हाक मारली, ती तिनं ऐकली आणि थांबली नाही.

बाबा मनानं रचू शकत नव्हते. त्यांना तोंडानं खोटं बोलता आलं, ते तीस वर्षं बोलले, पण अंगानं खोटं बोलणं त्यांना जमत नसे. ते टाकीवर होते, पण पाठमोरे नव्हते. जे दिसलं तेच त्यांच्या हातापायांनी दाखवलं होतं. रस्ताभर ती हेच पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत होती, जणू काही कुठेतरी चूक सापडेल आणि ती पुन्हा त्यांच्यावर संशय घ्यायला मोकळी होईल. आदल्या आठवड्यात त्या संशयानं तिची झोप उडवली होती, आणि आता तोच परत मिळावा म्हणून तिचा जीव तळमळत होता.

दार उघडंच होतं. बाबा पायात बूट घालून खुर्चीत बसले होते, पिशवी मांडीवर. तिला अवेळी बघून ते उठायला लागले.

"दोरी होती," ती म्हणाली.

ते पुन्हा बसले.

"दांड्याला दोरी होती ना, बाबा. मला पोचावं म्हणून."

बाबांनी पिशवी खाली ठेवली. एकदम फार म्हातारे दिसायला लागले. "मीच बांधली होती," ते म्हणाले. "खेळाच्या आधी पैलवानाला बाहेर काढायचा असायचा ना, तेव्हा तू ओढायचीस. मी साखळी धरून उभा, त्याच्या तोंडाला मुसकं. तू दोरीला लोंबकळायचीस, दार उघडायचं, तो बाहेर यायचा आणि तू टाळ्या वाजवायचीस.  तुझ्या आईला ते बिलकूल आवडत नसे. रोज सांगायची, सोड ती दोरी. त्या दिवशी सकाळी म्हणाली, एक तर दोरी राहील नाही तर आम्ही दोघी. मी म्हटलं, चार दिवस थांब, पोरीला मजा वाटते."

"आणि मी..."

"तू काही केलं नाहीस. तू रोजचं काम केलंस. खेळाची वेळ झाली असं तुला वाटलं असेल. मी बादली टाकून पळालो, पण पन्नास पावलं होती. ती जवळ होती, शिवत बसली होती. ती आली मधे." त्यांनी हातानं काहीतरी दाखवायला सुरुवात केली, आणि तो हात दुसऱ्या हातानं घट्ट धरून मांडीवर दाबून ठेवला. "म्हणून मीच उघडलं म्हटलं तुला. ते काही खोटं नव्हतं."

बाहेर जिन्यात कुणीतरी किल्ल्या वाजवत वर गेलं. शाळा सुटायला अर्धा तास होता. ती होती तिथेच जमिनीवर बसली. फोटोत दोरी नव्हती हे तिला आता आठवलं. दांडा स्वच्छ होता, त्याला साधी गाठसुद्धा नव्हती. सगळे धावत येण्याआधी कुणीतरी ती काढली होती.

"दोरी तुम्ही काढलीत? आई तिथे पडलेली असताना?"

"पैलवान तळ्याकडे गेला होता. तू गाडीच्या चाकामागे होतीस, अजून टाळ्या वाजवत. मी तिचं डोकं मांडीवर घ्यायला गेलो, तर घेऊ देईना." बाबांचा आवाज अगदी साधा होता, शेपटीच्या शाळेतलं रोज सांगावं तसा. "मला ढकलत होती. तिच्या हातात कात्री होती शिवणाची, ती माझ्या हातात कोंबली. म्हणाली, माणसं येतायत. मला नंतर बघ, आधी दोरी काप."